परातीवरची पलटण

लाकडी रायफल हातात घेऊन वालाच्या शेतात मरायला सात मिनिटं लागतात. हे मी अनुभवाने सांगते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या एका डिसेंबरात, रोह्याच्या खालच्या अंगाला भरलेल्या कॅडेट शिबिरात मी आणि माझ्याबरोबरच्या दहाजणी तेवढ्या वेळात मेलो. मेल्यावर आम्हाला एका तंबूत रांगेत बसवलं आणि चहा-बिस्किटं दिली. जिवंत असताना त्या शिबिरात आम्हाला चहा कधी गरम मिळाला नव्हता.

आम्ही अकराजणी पेणच्या कॉलेजच्या. रविवारी सकाळी खाकी कपडे घालून मैदानात डावा-उजवा करायचो, कारण परेडनंतर वडापाव फुकट मिळायचा. देशसेवेची ओढ वगैरे मी नंतर मुलाखतीत सांगितली. आमच्यातल्या निम्म्या मुली खाडीकडच्या गावांतल्या होत्या आणि निम्म्या आतल्या, गागोद्याच्या बाजूच्या. मी आतली. आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकतात, आणि माणसाचं आयुष्य या दोन पिकांच्या मध्ये जातं. चिखल आम्हालाही नवा नव्हता, पण आमचा चिखल घोट्यापर्यंत येतो आणि सोडतो. खाडीचा चिखल माणूस ठेवून घेतो असं मी लहानपणापासून ऐकलं होतं आणि त्याच्या वाटेला कधी गेले नव्हते.

माझी जी मैत्रीण होती ती मिठागरातली. तिच्या घरचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवत आलेले. मी तिला खाडीवाली म्हणायची आणि ती मला डोंगरवाली, आणि दोघींनाही दुसरीची बाजू मागासलेली वाटायची. ती आमच्या तुकडीची म्होरकी होती, कारण तिचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचायचा. भरतीच्या वाऱ्यात बांधावरून हाका मारून तयार झालेला आवाज तो.

तिला पोलिसात जायचं होतं. उंची बसत होती, धावायची तर अशी की आमचे मुलगे तिच्याबरोबर धावायचं टाळायचे. अडचण तिच्या वडिलांची होती. घरात काम करणारे हात कमी, थोरला भाऊ धाटावला कंपनीत शिफ्टवर लागलेला, आणि डिसेंबरात मिठागराचा, म्हणजे त्यांच्या आगराचा, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचं काम सुरू होतं. त्या कामाला तिचे पाय हवे होते. शेवटी बापलेकीत ठराव झाला. शिबिराच्या कार्डावर मैदानी हल्ला पुरा केल्याचा शिक्का आणलास, तर अर्ज भर. नाही आणलास, तर सोमवारपासून आगरात, आणि पुन्हा पोलिसाचं नाव काढायचं नाही. तिचे वडील शब्दाला पक्के होते, आणि हीच भीती होती.

आता शिक्का मिळायचा कसा, ते सांगते. खाडीच्या काठाला एक टेकाड होतं, त्यावर एक पडकी चौकी आणि एक झेंडा. तो आमचा किल्ला. किल्ल्यात मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या कॉलेजची तीस मुलं बसवलेली. त्यांच्याकडे काय नव्हतं ते विचारा. वाळूच्या गोणी होत्या, कुठल्याशा कंपनीने उसनं दिलेलं काटेरी तारेचं भेंडोळं होतं, दुर्बीण होती, दोन वॉकीटॉकी होते, त्यांतला एक खाली आचाऱ्याकडे, आणि एक कर्णा होता. त्या कर्ण्यावरून ते आम्हाला दिवसभर टोमणे मारायचे आणि मधूनमधून सिनेमाची गाणी म्हणायचे. आमच्याकडे अकरा लाकडी रायफली आणि एक शिट्टी. जी किल्ल्यावर पोचेल तिच्या कार्डावर शिक्का. जी वाटेत दिसेल तिचा नंबर कर्ण्यावरून पुकारायचा, की ती मेली. संधी दोन, गुरुवारी एक आणि शनिवारी एक, दोन्ही दुपारी एकच्या आत.

गुरुवारची गोष्ट वर सांगितलीच, फक्त कारण सांगायचं राहिलं. आम्हाला शिकवायला एक हवालदारसाहेब होते, घाटावरचे, फौजेतून आलेले. त्यांनी शंभरदा बजावलं होतं की शेतातून जाताना फाकायचं, दोघींमध्ये दहा पावलं अंतर ठेवायचं, एका रांगेत यायचं नाही. टेकडीच्या तिन्ही बाजूंना शेतं होती. शिबिरासाठी शेतांची परवानगी काढली होती म्हणे, पण त्या शेतांत वाल नुकता उगवून दोन पानांवर आला होता, हे परवानगी काढणाऱ्याला माहीत नसावं. शिट्टी वाजली, आम्ही शेताच्या कडेला आलो, वाल बघितला आणि अकराजणी काही न बोलता बांधावर चढून एकीमागे एक चालू लागलो. दुसऱ्याच्या वालात पाय घालायचा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खाडीवाल्यासुद्धा आमच्या मागून आल्या. कर्ण्यावरून त्यांनी आमचे नंबर सावकाश, हजेरी घ्यावी तसे घेतले.

हवालदारसाहेब मेलेल्यांच्या तंबूत आले ते टोपी काढूनच. त्यांनी विचारलं की शत्रूसमोर रांग लावायचं कुणी शिकवलं. मी म्हटलं, साहेब, वाल होता. ते म्हणाले, वाल म्हणजे काय, सुरुंग आहे का. मी त्यांना समजावून सांगितलं की दोन पानांवरच्या वालावर पाय पडला की तो पुन्हा उठत नाही, आणि शत्रू काय उद्या निघून जाईल, शेतकऱ्याला चैत्रापर्यंत तिथेच राहायचंय. मग त्यांनी स्वतःसाठी चहा मागवला.

पण माणूस हाडाचा मास्तर होता. रागावून झाल्यावर खाली बसले आणि मातीत काडीने टेकडी काढली. गनिमी कावा हा शब्द त्या आठ दिवसांत प्रत्येक पाहुण्याच्या भाषणात आला होता, पण पाय नेमका कुठे ठेवायचा हे एकाही पाहुण्याने सांगितलं नव्हतं. हवालदारसाहेबांनी तो शब्द वापरला नाही. ते म्हणाले, ज्याच्याकडे तार, गोण्या, दुर्बीण आहे, त्याच्याशी ताकद लावायला जाऊ नका. जितकी त्याची बंदोबस्ताची सोय, तितका तो आतून सैल. त्याला भूक लागू द्या, त्याला कंटाळू द्या, आणि ज्या बाजूने कुणी येणारच नाही अशी त्याची खात्री आहे ती बाजू शोधा. मग काडी टाकून उठले आणि म्हणाले, पुढचं मला सांगू नका, मला मेजरसाहेबांना तोंड दाखवायचं असतं. मेजरसाहेब म्हणजे शिबिराचे मुख्य. शनिवारी किल्ल्यावर बसून निवाडा तेच करणार होते.

आम्ही विचार केला तो भांडी घासता घासता. शिबिरात मुलग्यांना पहाऱ्याचं काम आणि मुलींना भांड्यांचं, असं पहिल्या दिवशीच ठरवून टाकलेलं. तेव्हा त्यावर माझा एवढा संताप झाला होता की मी दोन दिवस ताटं मुद्दाम खरकटी ठेवली. त्या दुपारी हौदावर आम्ही कणकेच्या पराती घासत होतो. एकेक परात एवढी की लहान मूल आंघोळीला बसवावं. खाडीवालीचा हात मध्येच थांबला. तिने परात उलटी केली, सुलटी केली, तिच्यात एक गुडघा टेकवला आणि दुसऱ्या पायाने जमिनीला रेटा दिला. परात हौदाच्या शेवाळावरून सरसर गेली आणि ती भिंतीवर आपटली.

कपाळ चोळत ती उठली आणि म्हणाली, "मागची बाजू. खाडीची."

टेकडीची मागची बाजू खाडीला लागून होती. मेजरसाहेबांच्या नकाशात तिथे ‘दलदल, दुर्गम’ असं लिहिलं होतं, म्हणून तिकडे तार नव्हती, गोण्या नव्हत्या, पहारेकरीही नव्हता. मी म्हटलं, नकाशा बरोबर आहे, तिथे माणूस गळ्यापर्यंत जाईल. ती म्हणाली, उभं राहणारा जाईल. चिखलात उभं राहायचंच नसतं. त्यांच्याकडच्या बायका निवट्या धरायला जातात, चिखलात उड्या मारणारे ते बोटभर मासे, तेव्हा एक गुडघा फळीवर टेकवतात, दुसऱ्या पायाने रेटतात आणि पातळ चिखलाच्या गार्‍यावरून घसरत जातात. फळी नाही, परात आहे. तेवढ्यात मी बोलून गेले की रायफल कुठे धरायची. तर म्हणाली की दोन्ही हात परातीच्या काठाला लागतात, रायफली इथेच ठेवायच्या. बूटसुद्धा, कारण बूट चिखलात राहतो आणि बुटातला पायही. मी म्हटलं, बुटाशिवाय अर्धी वर्दी. ती म्हणाली, तू आपली पूर्ण वर्दीत बांधावरून जा आणि पुन्हा मर.

राहिली ओहोटी. ती काढायची रीत तिच्या घरात सगळ्यांना येते. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. शनिवारी षष्ठी. सहा पाऊण साडेचार. साडेचारला पाणी भरलं की साडेदहाला उतरलं, त्यात पाणी खाडीत आत यायचा अर्धा तास धरला, अकरा. हे सगळं ती बोटांच्या पेरांवर एवढ्या झटक्यात करून मोकळी झाली की मला हेवा वाटला. पाऊणकीचा पाढा मला शाळेत कधी आला नाही.

शनिवारी सकाळी भाकरी-भाजी वाटून झाल्यावर आम्ही आठ पराती आणि टोपांची तीन मोठी झाकणं स्वयंपाकाच्या तंबूतून उचलली. आचारी तेव्हा बिडी ओढायला गेला होता. बूट आणि रायफली पेंढ्याच्या एका उडवीखाली लपवल्या, सलवारी गुडघ्यावर खोचल्या आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आडोशाने, डोक्यावर पराती घेऊन चाललो. दहाला शिट्टी झाली. कर्ण्यावरून आवाज आला, आज वालाच्या बांधावर काय ताज्या फुलांचे हार घालायचे का. मला एवढा राग आला की मी वर जाऊन बोलणार होते, पण खाडीवालीने माझं झाकण खाली ओढलं.

मग चिखल. त्याबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण माझी शोभा तिथे काही वाढली नाही. खाडीकडच्या सहाजणी परातीवर गुडघा टेकवून अशा निघाल्या की वाटावं, लहानपणापासून यांनी दुसरं काही केलंच नाही. आम्ही आतल्या पाचजणी. माझ्या वाट्याला झाकण आलं होतं, त्याला काठ नसतो. मी दोनदा गोल फिरले, एकदा उलट्या दिशेला बांधाकडे परत गेले आणि एकदा तोंडावर पडले. चिखल नाकात गेला. त्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो. शेवटी तिने माझं झाकण आपल्या ओढणीला बांधलं आणि मला ओढत नेलं. वाटेत मला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली की डोंगरातली माणसं जड असतात.

अकराला आम्ही खाडीच्या फाट्याशी पोचलो. टेकडी आणि आम्ही यांच्यामध्ये तेवढा एक फाटा होता. तिच्या हिशोबाप्रमाणे त्यात घोटाभर पाणी असायला हवं होतं. पाणी तुडुंब दिसत होतं आणि सावकाश उतरत होतं, घाई नसल्यासारखं. तिने पाण्याकडे बघितलं, बोटांच्या पेरांकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. हिशोब बरोबर होता, पण तो तिच्या गावाचा होता. पेणची खाडी वेगळी आणि ही वेगळी. इथे समुद्र लांब, वळणं जास्त, पाणी उशिरा येतं आणि उशिरा जातं. ही चूक माझ्याकडून झालीच नसती, कारण मला भरती-ओहोटीतलं काही कळतच नव्हतं.

आमच्यातल्या चौघींना पोहता येत नव्हतं, त्यांत मी. एकीने पुकारलं की खेळ संपला, आणि मागे जायलाही आता वेळ उरला नव्हता. कुणीतरी म्हणालं, जाऊ की हात धरून. खाडीवालीने सगळ्यांना जागच्या जागी बसवलं, एकटी पाण्यात उतरली आणि मध्यापर्यंत गेली. पाणी तिच्या छातीला लागलं. तिथे ती थोडा वेळ उभी राहिली, मला वाटतं शिक्क्याचा विचार करत, आणि मग परत आली. म्हणाली, पाणी जाईपर्यंत इथेच बसायचं, कुणी उतरायचं नाही. काठाला तिवरांची झुडपं होती. त्यांच्या मुळांमध्ये परातींवर मांडी घालून आम्ही सव्वा तास बसलो. डासांनी आमची जेवणं उरकली. मी तिच्यावर भयंकर चिडले होते आणि तिला तसं सांगितलंही. तिच्या गालावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता आणि त्यावर दोन ओल्या रेघा होत्या. मग मी गप्प झाले.

त्या सव्वा तासात आम्हाला किल्ल्याची सगळी बातमी कळत होती, आणि ती किल्ला स्वतः देत होता. कुणीतरी कर्णा बंद करायला विसरलं होतं. साडेअकराला ऐकलं की मुली पळून गेल्या असाव्यात, दुर्बिणीत कुणीच दिसत नाही. बाराला ऐकलं की जेवणाची जीप अजून कशी आली नाही. सव्वाबाराला वॉकीटॉकीवर आचाऱ्याशी झालेलं अख्खं बोलणं कर्ण्यातून खाडीभर पसरलं. आचारी ओरडत होता की कणीक मळायला एकही परात जागेवर नाही, टोपांची झाकणंसुद्धा कुणी पळवली, आता पोळ्या विसरा, भात होईल तेव्हा पाठवतो. आम्ही आपापल्या बुडाखाली बघितलं. खाडीवाली त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

साडेबाराला फाट्यात गुडघाभर पाणी राहिलं. आम्ही पराती डोक्यावर घेऊन तो ओलांडला आणि करवंदीच्या जाळ्यांतून टेकडी चढायला लागलो. अर्ध्यावर असताना कर्ण्यावरून घोषणा झाली, जीप आली, आणि पाठोपाठ तीस ताटांचा खणखणाट. आम्ही वर डोकं काढलं तेव्हा सगळी मुलं आमच्याकडे पाठ करून भातावर तुटून पडली होती. मेजरसाहेबही त्यांच्यातच, खुर्चीवर. तीस रायफली तीन-तीनचे तिकाटणे करून अगदी नियमाप्रमाणे उभ्या करून ठेवल्या होत्या. हवालदारसाहेब जीपबरोबर आले होते. त्यांनी आम्हाला सगळ्यांत आधी बघितलं, आणि ते शांतपणे तोंड फिरवून भाताच्या टोपात बघू लागले.

आम्ही रायफली उचलायला लागलो. तेवढ्यात पाणी प्यायला उठलेला एक मुलगा समोर आला. आम्ही पायापासून भुवयांपर्यंत चिखलाच्या, ओढण्या डोक्याला गुंडाळलेल्या, काखेत पराती. तो मला म्हणाला, मावशी, इथे येऊ नका, शिबिर चालू आहे. मी एकोणीस वर्षांची होते. आयुष्यात मला कुणी मावशी म्हणायची ती पहिली वेळ, आणि मी त्याला सोडणार नव्हते, पण खाडीवाली मध्ये आली आणि गोड आवाजात म्हणाली, जातो भाऊ, एवढं सामान उचलतो आणि जातो. तो बिचारा बाजूला सरकला. एक रायफल तिच्या हातून निसटली तर त्याने ती उचलून दिली.

मग तिने झेंडा उपटला आणि शिट्टी वाजवली.

पुढे काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं, टाळ्या? मेजरसाहेबांनी घास खाली ठेवला आणि आम्हाला रांगेत उभं केलं. आमच्या पायांकडे बघून विचारलं, बूट कुठे. उडवीखाली, साहेब. रायफली कुठे. त्याही तिथेच, साहेब. त्यांनी सावकाश हात पुसले आणि सांगितलं की वर्दी अर्धी, हत्यार नाही, हा हल्ला धरता येणार नाही. हत्याराशिवाय जो लढाईत येतो तो सैनिक नसतो, बघ्या असतो. नियम म्हणजे नियम. मुलं हसायला लागली. माझ्या डोक्यात रक्त चढलं. सव्वा तास डासांना पोसून, नाकात चिखल घालून, शेवटी नियम. मी खाडीवालीकडे बघितलं. तिची नजर समोर होती. सोमवार तिच्या तोंडासमोर उभा होता, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

तिने एक पाऊल पुढे टाकलं, सलाम ठोकला, आणि घरात बोलते तसं बोलली. "साहेब, हत्यारं हायत की. तीस हायत. त्यांच्याकडं किती हायत ते बगा."

मेजरसाहेबांनी वळून बघितलं. तीस मुलं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ताट होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आम्हा प्रत्येकीच्या खांद्यावर दोन, कुणाच्या तीन. हवालदारसाहेबांचे खांदे हलत होते आणि ते खोकला आल्याचं दाखवत होते. कर्ण्यातून कुणाच्या तरी चावण्याचा आवाज येत होता. मग मेजरसाहेब म्हणाले की आधी तो कर्णा बंद करा, आणि कार्डांची पिशवी आणा.

अकरा शिक्के मिळाले. तिने कार्ड घेतलं ते चिखलाच्या हातानेच, त्यामुळे शिक्क्याशेजारी तिचा अंगठा उमटला. शिक्षाही झाली. स्वयंपाकाचं सामान पळवल्याबद्दल पराती आम्हीच घासायच्या, असं ठरलं. हरल्याबद्दल बाकी सगळी भांडी किल्ल्यातल्या मुलांनी घासली. माझ्या शेजारी तोच मुलगा टोप घासायला बसला होता. मी त्याला तळ कसा घासायचा ते दाखवलं आणि प्रत्येक वाक्यात बाळा म्हटलं.

रविवारी ती मला आपल्या घरी घेऊन गेली. वडील एकटीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, साक्षीदार लागेल, असं तिचं म्हणणं. पेणहून टेम्पोने निघालो आणि पुढे बांधावरून चालत गेलो. वडील आगरातच होते, गुडघ्यापर्यंत गाऱ्यात. वाळका, उंच माणूस, डोळे उन्हाने बारीक झालेले. तिने कार्ड पुढे केलं. त्यांनी शिक्का बघितलाच नाही. अंगठ्याच्या चिखलावर नख घासलं, बोटांत चुरला आणि म्हणाले की हा चिखल आपला नाही.

मग तिने सगळी हकिकत सांगितली. मी मध्येमध्ये मीठमसाला लावत होते, कर्णा, मावशी, मेजरसाहेबांचा घास, आणि ते एकालाही हसले नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. तिथी कुठली होती आणि फाट्याशी कधी पोचलात. षष्ठी, ती म्हणाली. अकराला. त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे छातीभर पाणी असणार, ते म्हणाले. कोण उतरलं? हे तिने हकिकतीतून गाळलं होतं. मी साक्षीदार म्हणून आले होते, म्हणून मीच सांगितलं. ही एकटी उतरली, आम्हाला कुणाला उतरू दिलं नाही, शिक्का जात होता तरी बसवून ठेवलं.

ते लेकीकडे वळले. मी घाबरले. मला वाटलं मी घोटाळा केला, आता काही तिचं खरं नाही. मग त्यांनी कार्ड आपल्या सदऱ्याला पुसलं आणि तिच्या हातात परत दिलं.

"रोह्याला पानी उशिरा उतरतं, एवढं तुला ठावं नाय? जा गो, पोलिसात जा. आगरात तुजा काय उपेग नाय."

ती रडायला लागली आणि मीही. एवढ्या सुंदर शिव्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या. त्यांनी पाठ फिरवली आणि बराच वेळ उगाचच पलीकडच्या वाफ्याकडे बघत उभे राहिले. वळले तेव्हा ते माझ्या पायांकडे बघत होते. म्हणाले की हिची जागा आता रिकामी झाली, आणि डोंगरातली माणसं जड असतात असं लेक सांगते. तळ घट्ट बसायला जड माणूस बरं.

मी खाडीवालीकडे बघितलं. ती बांधावर जाऊन बसली होती, कार्ड मांडीवर ठेवून, डोळे पुसत, आणि तिने मला चप्पल काढायची खूण केली.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मी आगर तुडवत होते.